गडद निळा की हस्तिदंती : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी शांतपणे, दोनदा वाचली. पुण्यातल्या उत्तरमुखी खिडकीच्या झोपण्याच्या खोलीसाठी हस्तिदंती आणि गडद निळा या रंगांची तुलना करून मी माझ्या लेखात निळ्याला कौल दिला, त्यावर आपण लिहिता, "गडद रंगाने खोली लहान दिसते हे शाळकरी पोरालाही कळते, लोकांना उगाच खर्चात पाडू नका." मतभेदाला माझी हरकत नाही, पण ज्याच्याशी वाद घालायचा त्याची अक्कल आधी काढायची, ही रीत मला मान्य नाही, आणि वाचकांना खर्चात पाडल्याचा आरोप तर मुळीच नाही.

गडद मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, भिंतीवर हात लागल्याच्या खुणा लवकर उठून दिसतात, हे आपले म्हणणे रास्त आहे.

आता खोली 'लहान दिसते' याविषयी. माझे वडील रंगकामाची कंत्राटे घेत आणि सुट्ट्यांत मी त्यांच्या हाताखाली पुट्टी घासली आहे, तेव्हा मी ऐकीव लिहीत नाही. खोली अंधारी दिसणे आणि लहान दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच मानल्या आहेत. गडद निळी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा दहावा हिस्साही परत पाठवत नाही, म्हणून दिवे वाढवावे लागतात, हे मी लेखातच लिहिले होते. आपण तिथपर्यंत वाचलेले दिसत नाही.

उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येते ते उन्हाळ्याच्या आगेमागे, तेही तिरपे. एरवी येतो तो आकाशाचा निळसर उजेड. त्यात हस्तिदंतीची पिवळसर ऊब मरते, भिंत राखाडी वाटते आणि कोपऱ्यांतल्या सावल्या मळासारख्या दिसतात. निळ्या भिंतीत सावली आणि रंग यांतला फरक कमी होतो, कोपऱ्याची रेघ पुसट होते आणि भिंत नेमकी कुठे संपते हे नजरेला चटकन सापडत नाही, म्हणून खोली लहान वाटत नाही. छत पांढरे ठेवले आणि रात्री २७०० केल्विनचे पिवळे दिवे लावले, तर दहा बाय बाराची खोलीही कोंदट वाटत नाही. छतालाही निळाच फासला, तर गोष्ट वेगळी; तसे मी कुठेही सुचवलेले नाही.

आपल्या प्रतिक्रियेतले बाकीचे मुद्दे, म्हणजे वास्तुशास्त्र, पुढे रंग बदलताना लागणारे जास्तीचे हात आणि माझ्या छायाचित्रांवरचे शेरे यांत मी शिरत नाही.

दोन फूट बाय दोन फुटांच्या प्लायच्या तुकड्यांवर दोन्ही रंगांचे दोन-दोन हात मारा, ते खोलीच्या कोपऱ्यात उभे करा आणि सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहा. जे दिसेल ते सभ्य भाषेत कळवा. माझ्या मताविरुद्ध असले तरी मी ते लेखाखाली जसेच्या तसे ठेवीन.