अॅम्प सिम खेळणं नाही हो, तुमचं कॅब बंद आहे

आपल्याकडच्या वाजवणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरून राहिला. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी खाली विचारलं, "भाऊ, खरं हाये का हे?" मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: अॅम्प सिम्युलेटर (गिटारच्या अॅम्पलिफायरची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) म्हणजे खेळणं, त्यातून माश्या घोंगावल्यासारखा आवाज येतो. फुकटची प्लगइन्स (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) टाकाऊ. साध्या लॅपटॉपवर लेटन्सीमुळे, म्हणजे तार छेडल्यावर आवाज उशिरा आल्यामुळे, वाजवताच येत नाही. तेव्हा एक तर ट्यूब अॅम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा खरा अॅम्प) घ्या, नाहीतर व्हर्च्युअल गिटार (कीबोर्ड-माउसने वाजवायची सॉफ्टवेअरमधली गिटार) घेऊन मोकळे व्हा, म्हणजे वादकही लागत नाही.

मी नागपुरात मानेवाड्यात एका दहा बाय अकराच्या खोलीत रेकॉर्डिंग करतो. त्या खोलीच्या हिशेबाने उत्तर देतो.

आधी माश्या. हा आवाज मीही ऐकलाय, स्वतःच्याच ट्रॅकवर. गिटारचा स्पीकर हा आपल्या घरच्या म्युझिक सिस्टीमसारखा नसतो. बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने हात टेकतो. डिस्टॉर्शनमुळे तयार होणारा वरचा सगळा किरकिराट तो गिळून टाकतो, आणि आपण ज्याला 'अॅम्पचा टोन' म्हणतो त्यात या गिळण्याचा फार मोठा वाटा असतो. सॉफ्टवेअरमध्ये हे काम कॅबिनेटचा (कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी) भाग करतो, म्हणजे आयआर: ठरावीक स्पीकर आणि त्याच्यासमोर ठरावीक जागी ठेवलेला माईक मिळून आवाजाचं काय करतात, याचा ठसा घेतलेली छोटीशी फाइल. ते कॅब बंद राहिलं की माश्या सुटतात. आणि उलटंही होतं. काही कॅप्चर (खऱ्या अॅम्पवरून उतरवलेल्या नकला) फक्त अॅम्पच्या हेडची, म्हणजे स्पीकर सोडून बाकीच्या अॅम्पची, असतात, काहींत कॅबिनेट आधीच आलेलं असतं. त्यावर आणखी एक आयआर लावला की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. मग लोक प्लगइन बदलतात. माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींत सहा-सात तरी याच असतात, आणि त्यावर उपाय एका क्लिकचा असतो. एकाच अॅम्पवर चार वेगळे आयआर लावून बघा. जेवढा फरक पडेल, तेवढा अॅम्प बदलूनही बहुधा पडणार नाही.

दुसरी गडबड सॉफ्टवेअरच्या अलीकडे असते. तारांचं कंपन पकडणाऱ्या साध्या पिकअपच्या गिटारला सुमारे १ मेगाओहमचं इनपुट लागतं. इंटरफेसवर (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) त्यासाठी 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' असं बटण असतं. ते न दाबता गिटार खुपसली तर वरचे सूर तिथेच मरतात. शिवाय गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते. इंटरफेसचा गेन जितका चढवाल तितका सिम लवकर फाटतो, कारण त्याला वाटतं तुमची गिटारच तेवढी जोरात आहे. जीव लावून स्ट्रोक मारा, लाल दिवा लागता कामा नये.

आता ट्यूब अॅम्प. मेसेजवाल्याचा एक मुद्दा मी बिनशर्त मान्य करतो: मोठ्याने चालणाऱ्या अॅम्पसमोर गिटार घेऊन उभं राहिलं की स्पीकरची हवा तारांना हलवते, सूर लांबतो, फीडबॅक येतो. हेडफोनमध्ये ते सुख नाही. पण ते सुख मिळवायला अॅम्प खरोखर तापवावा लागतो, आणि फ्लॅटमध्ये १५ वॉटचा ट्यूब अॅम्पसुद्धा शेजारच्या काकूंना दारात आणायला पुरतो. वर नागपूरचा मे महिना. माईकवर रेकॉर्ड करायचं तर कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. पारा ४५ वर असताना अशा खोलीत तीन टेक देऊन दाखवावेत, मग बोलू. थेट इंटरफेसमध्ये वाजवलं तर कूलरचा घरघराट ट्रॅकवर येतच नाही. सिंगल कॉइल पिकअप मात्र मोटरची गुणगुण पकडतो. त्यावर खुर्ची थोडी थोडी फिरवत जायचं, एका कोनात गुणगुण जवळजवळ मरते. माझ्या खोलीत ती जागा कपाटाकडे तोंड केल्यावर सापडते. तरीही गुणगुण राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. दोन पिनांच्या चार्जरने मला एकदा आख्खी संध्याकाळ रडवलंय.

फुकट म्हणजे टाकाऊ, हे कोणी १९९८ मध्ये म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं. त्या वर्षी लाइन सिक्स कंपनीचा राजम्याच्या आकाराचा लाल पॉड, अॅम्पची नक्कल करणारा डबा, आला, आणि तेव्हा त्याचंच अप्रूप होतं. आज स्टीव्हन अॅटकिन्सन यांनी सुरू केलेला न्यूरल अॅम्प मॉडेलर फुकट आणि मुक्त-स्रोत आहे. खऱ्या अॅम्पमध्ये काय गेलं आणि त्यातून काय बाहेर आलं, यावर न्यूरल नेटवर्क शिकवून तो त्या अॅम्पची नक्कल करतो. लोकांनी केलेली कॅप्चर ढिगाने मिळतात. पैसे देऊन काय मिळतं? नीट लावलेले प्रीसेट (तयार सेटिंग), इफेक्ट, ट्यूनर, एकाच खिडकीत सगळं. वेळ वाचतो, तेवढे पैसे जरूर द्या. फक्त तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या. मोठ्या आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर जास्त भरतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मांडलंय. दुकानदारी प्रीसेट मुद्दाम जोरात ठेवलेले असतात असं माझं मत आहे.

लेटन्सीचं गणित सोपं आहे. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद. आत-बाहेर मिळून साडेपाचच्या आसपास, वर ड्रायव्हरचे थोडे. अॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलात तर आवाज पोचायलाच जवळपास ९ मिलिसेकंद लागतात. (उन्हाळ्यात थोडे कमी. तापलेल्या हवेत ध्वनी जोरात पळतो, नागपूरकरांचा तेवढा एक फायदा.) इंटरफेसचा स्वतःचा आसिओ (ASIO) ड्रायव्हर टाका, विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरवर राहू नका. गल्लीतला एक मुलगा "काका, लॅपटॉप बदलावा लागते" म्हणत आला. त्याच्या कानात ब्लूटूथचे इअरफोन होते, उशीर तिथेच होत होता. वायरचा हेडफोन दिला, पाच मिनिटांत घरी गेला.

राहिला वादक. व्हर्च्युअल गिटार मी रोज वापरतो. अॅम्पल साउंडची अकूस्टिक गिटार तर लाइट आवृत्तीत फुकट आहे, भजनाच्या किंवा जिंगलच्या मागे छान बसते. पण ती कीबोर्डसारखी वाजवली की लगेच पकडली जाते. कीबोर्डवर जी मेजर म्हणजे जी, बी, डी, तिन्ही सूर खेटून. गिटारवर तोच कॉर्ड सहा तारांवर दोन सप्तकं पसरतो: जी, बी, डी, जी, बी, जी. डाउन स्ट्रोक जाड तारेकडून बारीक तारेकडे जातो, सहाही सूर एका क्षणी पडत नाहीत. अप स्ट्रोकला बारीक बाजूच्या तीन-चार ताराच लागतात, त्याही हलक्या. एवढं एमआयडीआयमध्ये (कोणता सूर कधी, किती जोरात वाजवायचा याची नोंद) लिहिलं तर ऱ्हिदम निभते. सोलोत मात्र गाडी अडते. साध्या व्हर्च्युअल गिटारमध्ये पिच व्हील (सूर वर-खाली सरकवणारं चाक) फिरवलं की वाजणारे सगळे सूर एकदम सरकतात. वादक एक तार ओढतो, शेजारची तशीच वाजू देतो, आणि मराठी कानाला मींड कुठे खोटी आहे ते लगेच कळतं.

गेल्या मे महिन्यात एका भावगीतासाठी आठ मात्रांचा तुकडा मी दोन रात्री माउसने ओढत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी प्रतापनगरच्या मित्राला बोलावलं. त्याने गिटार इंटरफेसला लावली, फुकटचंच कॅप्चर आणि एक आयआर, कपाटाकडे तोंड. दुसऱ्या टेकला झालं. कूलर चालूच होता.