शंकूला एक कॅलिबर आणायचा कुठून?

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण आकडे देऊन लिहिलीत, म्हणून उत्तरही आकड्यांतच देतो. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: बिनफिनच्या, म्हणजे शेपटीला पंख नसलेल्या, शंकूच्या आकाराच्या मॉडेल रॉकेटचा माझा आराखडा सॉफ्टवेअरमध्ये भरला की स्थिरता 0.06 कॅलिबर दिसते (एक कॅलिबर म्हणजे रॉकेटचा एक व्यास), हवी किमान एक. मग फिन न लावता नाकात वजनासाठी क्ले (मऊ माती) कोंबून हे उडवायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. शिवाय स्विंग टेस्ट, म्हणजे रॉकेट दोरीला बांधून फिरवून बघणं, हा पोरखेळ.

0.06 बरोबरच आहे, माझ्याकडेही तेवढाच येतो. आता एक कॅलिबरचा नियम याच शंकूला लावून बघा. सीजी (वजनाचा मध्यबिंदू) हा सीपीच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) पुढे, नाकाच्या बाजूला, निदान बॉडीच्या एका व्यासाइतका असावा. आपला शंकू 24 सेंमी उंच, तळाचा व्यास 16 सेंमी. शंकूचा सीपी टोकापासून दोन तृतीयांश उंचीवर, म्हणजे 16 सेंमीवर. तिथून 16 सेंमी पुढे गेलं की आपण थेट टोकावर! सगळं वजन टोकाच्या बिंदूत मावलं तरच नियम पाळला जाईल. लांब, सडपातळ रॉकेटसाठी हा ठोकताळा उत्तम आहे. बुटक्या रॉकेटच्या बाबतीत तो काहीच सांगत नाही.

क्ले मात्र हौसेने भरलेली नाही. पोकळ शंकूचा स्वतःचा सीजीही दोन तृतीयांशावरच असतो, म्हणजे नेमका सीपीवर. शंकू आणि आतलं सामान मिळून 30 ग्रॅम धरा, सीजी 16 वर. तळाशी 24 ग्रॅमची सी6 मोटर (रॉकेट ढकलणारी इंधनाची नळी) बसवली की तो 18 सेंमीवर जातो, आणि असं रॉकेट रॉड, म्हणजे उड्डाणाला दिशा देणारी दांडी, सोडताच कोलांट्या खातं. टोकापासून 4 सेंमीवर 15 ग्रॅम क्ले भरली की सीजी 15 वर येतो. मोटर आत वर सरकवूनही हे साधलं असतं, पण नळीत खोल बसलेल्या मोटरचा जोर घटतो, आणि पुठ्ठा जळतो तो वेगळाच.

राहिला प्रश्न, एक सेंटिमीटर पुरतं का? तुमचं सॉफ्टवेअर सीपी काढतं तो जेम्स बॅरोमन यांनी 1966 मध्ये मांडलेल्या पद्धतीने. त्यात तळामागची ओढ धरलेलीच नाही. रुंद सपाट तळामागे दाब कमी होतो आणि रॉकेट शेपटीकडून मागे खेचलं जातं, पतंगाला शेपूट लावल्यासारखं. हे सॉफ्टवेअरला समजावण्याची एक रूढ युक्ती आहे: तळाला शून्य वजनाचा, मागे रुंद होत जाणारा काल्पनिक शंकू जोडायचा, व्यास तळाइतका आणि लांबी व्यासाच्या π (पाय, 3.14) पट, इथे साधारण 50 सेंमी. मग सीपी 37 सेंमीच्या आसपास, चक्क रॉकेटच्या बाहेर जातो आणि स्थिरता 1.3 च्या पुढे. खरं सांगायचं तर या आकड्यावरही मी डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. जुगाडच तो.

म्हणून तर स्विंग टेस्ट. न जळलेली मोटर, पॅराशूट, सगळं आत भरून सीजीपाशी दोरी बांधायची, टेपने पक्की करायची आणि दोन-तीन मीटर दोरी सोडून डोक्याभोवती फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर उडवायला हरकत नाही. तळ पुढे आला किंवा आडवं झालं तर आणखी क्ले. नापास झालेलं रॉकेट कधीकधी प्रत्यक्षात स्थिर असतं, हे मान्य. पण ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

फिन लावायचेच तर पारदर्शक प्लास्टिकचे लावा, कोण अडवतंय? मला तो शंकू शंकूच दिसायला हवा होता.

आडव्या वाऱ्याबद्दलचा तुमचा इशारा मात्र सगळ्यांनी वाचावा असा आहे. रॉड सोडताना वेग सेकंदाला 15 मीटर आणि आडवा वारा 5 मीटर असेल, तर हवा 18 अंशांतून येते. बॅरोमनची पद्धत 10 अंशांच्या आतली. तेव्हा वारा पडलेला असतानाच उडवा.

शेवटी विचारलेल्या मोटरबद्दल: सी6-5 नको, सी6-3 घ्या (शेवटचा आकडा म्हणजे जळण संपल्यावर पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद). एवढ्या रुंद शंकूचा वेग जळण संपताच झपाट्याने पडतो. पाच सेकंद थांबलात तर पॅराशूट उघडेपर्यंत तो खाली यायला लागलेला असेल.