आर्सेनिक अल्बम ३०: त्या बाटलीत आहे काय?

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ग्रामपंचायतींपासून सोसायट्यांपर्यंत सगळीकडे वाटली गेलेली आर्सेनिक अल्बम ३० ची बाटली अजूनही पुष्कळ घरांत औषधांच्या डब्यात पडून असेल. रोज एकदा, उपाशीपोटी, तीन दिवस, असा आयुष मंत्रालयाचा सल्ला होता. होमिओपॅथीवर वाद घालायचाच तर हवेत कशाला, या बाटलीवरच घालू.

आर्सेनिक अल्बम म्हणजे सोमल, आर्सेनिक ट्रायऑक्साइड. जहाल विष. एक ग्रॅम सोमलात साधारण ३ वर २१ शून्यं इतके रेणू असतात. होमिओपॅथीत औषध करताना तो एक ग्रॅम ९९ ग्रॅम द्रावकात मिसळून जोरजोरात हिसके दिले की पहिली पायरी झाली. त्यातला एक ग्रॅम काढून नव्या ९९ ग्रॅममध्ये घातला, पुन्हा हिसके दिले की दुसरी. (न विरघळणारे पदार्थ सुरुवातीला दुग्धशर्करेत खलतात, पण गणित तेच.) ग्रॅममागे उरणाऱ्या रेणूंच्या आकड्यातली दोन शून्यं दर पायरीला उडतात. दहाव्या पायरीला एका ग्रॅममध्ये उरतात तीसेक रेणू. अकराव्या पायरीला तीन ग्रॅम चाळले तर एखादा सापडेल. आणि बाटलीवर लिहिलंय ३०, म्हणजे तीस पायऱ्या. तेव्हा पुढच्या १९ पायऱ्या नुसतं द्रावकात द्रावक. तिसाव्या पायरीच्या द्रावणात सोमलाचा एक रेणू हमखास हवा असेल, तर सूर्याच्या वजनाच्या दीड लाखपटीहून जास्त द्रावण लागेल.

आता घरातलं पाणी घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आर्सेनिक चालतं. त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं असलं तरी एका पेल्यात आर्सेनिकचे अब्जावधी अणू असतात. नळाचं पाणी पिणाऱ्याला आर्सेनिकचा डोस या बाटलीपेक्षा कितीतरी मोठा मिळतो, आणि तोही फुकट.

मग 'पाण्याची स्मृती' पुढे येते: पदार्थ उरला नाही तरी पाणी त्याची आठवण ठेवतं, असा दावा. १९८८ मध्ये फ्रान्सच्या जाक बेनव्हेनिस्त यांचा तसा दावा करणारा शोधनिबंध 'नेचर'मध्ये छापून आला. नंतर 'नेचर'चं पथक त्यांच्याच प्रयोगशाळेत गेलं. कुठल्या नळीत काय आहे हे प्रयोग करणाऱ्यांपासून लपवलं, आणि परिणाम नाहीसा झाला. शिवाय बाटलीतल्या गोळ्यांत पाणी असतं कुठे? साखरेच्या कोऱ्या गोळ्यांवर अल्कोहोलमधलं द्रावण टाकतात, अल्कोहोल उडून जातं. स्मृती आता साखरेला आली म्हणायची!

एक मात्र लक्षात ठेवा. हे ३०, २०० अशा पोटन्सींचं (म्हणजे विरळ करायच्या पायऱ्यांच्या आकड्यांचं) झालं. मदर टिंक्चर (विरळ न केलेला मूळ अर्क) किंवा ३एक्ससारख्या (दहापट विरळ करायच्या तीनच पायऱ्या) बाटल्यांत खरोखर पदार्थ असतो. तिथे 'होमिओपॅथी आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य चालत नाही. सोमलासारख्या पदार्थाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

'पण आम्हाला गुण आला', हा सगळ्यात प्रामाणिक आक्षेप. गुण येतोच, फक्त तो कशाने आला ते बघायचं. पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक मुतखडे आपोआप पडतात. मुलांच्या चामखिळी बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपण होऊन जातात. तान्ह्या बाळाची पोटदुखीची रड तिसऱ्या-चौथ्या महिन्यात थांबते. मायग्रेन आणि इसब यांना भरती-ओहोटी असते, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो भरतीला. त्यानंतर जी ओहोटी येते तिचं श्रेय चालू असलेल्या गोळीला मिळतं. वाढलं तरी 'औषध लागू पडतंय, आधी वाढणारच' हे उत्तर तयार. दोन्हीकडून गोळीच जिंकणार असेल तर ती तपासायची कशी?

मुतखड्यात तर एक गफलत फार महागात पडते. दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला असं नसतं. तो नळीत अडकून किडनी गुपचूप फुगत राहू शकते. गोळ्या कुणाच्याही घ्या, पुन्हा सोनोग्राफी करून खडा गेल्याची खात्री करा. खडा असताना थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आधुनिक वैद्यकाचा इतिहास धुतल्या तांदळासारखा नाही. १८५४ च्या लंडनच्या कॉलऱ्यात तिथल्या होमिओपॅथिक रुग्णालयात सुमारे १६ टक्के रुग्ण दगावले. तेव्हा इतर रुग्णालयांत निम्म्याच्या आसपास दगावत होते. हा दाखला होमिओपॅथ आवडीने देतात. पण बाकीचे डॉक्टर तेव्हा रक्त काढत होते, पाऱ्याची औषधं देत होते. काहीच न करणं हे त्याहून बरं होतं, इतकंच त्यातून सिद्ध होतं. पुढे रक्त काढणं बंद झालं, पारा गेला. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी तोंडाने मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आणले. तिथेही साखरच होती, पण तिचं काम ठरलेलं: आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन शोषलं जातं, मागोमाग पाणी. घरी करायचं तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच हवा.

माझा खरा आक्षेप इथे आहे. चाचणीत नापास झालं म्हणून होमिओपॅथीने आजवर कुठलं औषध मोडीत काढलं? होमिओपॅथीचे जनक हानेमान १८४३ मध्ये वारले, बाटलीवरची पोटन्सी अजून तीच. २००४ मध्ये व्हायॉक्स हे खपाचं वेदनाशामक हृदयाच्या धोक्यामुळे बाजारातून काढलं गेलं. ते फार उशिरा झालं, कंपनीच्या लबाडीवर रागही यायलाच हवा. पण ते निघालं ते चाचणीतल्या आकड्यांमुळे. कट प्रॅक्टिस, उगाच दिलेली अँटिबायोटिक्स, पाच मिनिटांत आटोपलेली तपासणी, या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यामुळे साबुदाण्याएवढ्या गोळीत सोमल येत नाही. महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायदा बदलून एक वर्षाच्या कोर्सनंतर होमिओपॅथांना आधुनिक औषधं लिहिण्याची वाट काढून दिली गेली. स्वतःच्या गोळ्यांवर भिस्त असती तर ही वाट हवी कशाला होती?

ज्यांना गोळ्या घ्यायच्याच आहेत त्यांनी इन्सुलिन, फिटांची गोळी, थायरॉइडची गोळी परस्पर थांबवू नये. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बंद केलं तर दोन-तीन दिवसांत जिवावर बेतू शकतं. थायरॉक्सिन शरीरात हळूहळू संपतं, त्यामुळे पहिले काही दिवस 'काहीच झालं नाही' असं वाटतं. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी सहा आठवड्यांनी खरं काय ते सांगते. आणि नाव नसलेल्या पुडीने सांधेदुखी दोन दिवसांत पळाली, चेहरा गोल व्हायला लागला, शुगर चढली, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्या. मात्र अशी पुडीही एकदम बंद करायची नाही, ती घेऊन फिजिशियनकडे जा.

होमिओपॅथ मित्रांसाठी मांडणी सोपी आहे. एकसारख्या वीस बाटल्या, दहांत आर्सेनिक अल्बम ३०, दहांत कोऱ्या गोळ्या, आणि भरणारा तिसराच कुणीतरी. रुग्णांना द्या, चाखा, प्रयोगशाळेत पाठवा, हवा तेवढा वेळ घ्या. मग औषधाच्या दहा वेगळ्या काढून दाखवा. नुसत्या अंदाजाने दहाच्या दहा बरोबर निघण्याची शक्यता १,८४,७५६ मध्ये एक आहे.