क्रॉस धरलेली ती बाई कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : उत्तरकालीन रोमन नाण्यांवरच्या ज्या आकृतीला मी विजयदेवता (रोमनांची 'व्हिक्टोरिया') म्हटलं, तिला पंख आहेत, हातात क्रॉस आहे, म्हणजे तो ख्रिस्ती देवदूतच. शिवाय विजयदेवतेची वेदी ३८२ मध्येच सिनेटमधून (रोमच्या राज्यसभागृहातून) काढली, मग ती नाण्यावर उरेल कशी?

वेदीचं आधी बघू. सभागृहात शिरताना सिनेटर त्या वेदीवर धूप जाळत. वाद त्या पूजेचा होता. वेदी काढायला लावणाऱ्या सम्राट ग्रेशियनच्याच सोन्याच्या नाण्यांवर दोन सम्राट शेजारी बसलेत आणि त्यांच्या मागून ही बया पंख पसरून उभी! पूजा गेली, चित्र राहिलं.

आता क्रॉस. सम्राट मार्सियनचा (४५०–४५७) सॉलिडस, म्हणजे सोन्याचं नाणं, घ्या. साडेचार ग्रॅम सोनं, आकार साधारण आपल्या रुपयाएवढा. फोटो मोठा करून पाहा : पायघोळ वस्त्र, छातीखाली आवळलेला पट्टा, हातात रत्नजडित उंच क्रॉस. बाईच आहे. कडेला 'व्हिक्टोरिया' अशी अक्षरं. तुम्ही म्हणाल, अक्षरांचं काय, ठसे कोरणारे जुनंच गिरवतात. अगदी मान्य. पहिल्या जस्टिनच्या (५१८–५२७) सॉलिडसवर ती जाते, तिच्या जागी समोर तोंड करून पुरुष देवदूत उभा राहतो, आणि अक्षरं मात्र तीच! म्हणून माझी भिस्त कपड्यांवर. आधीचाही देवदूतच असता, तर बाईचा पुरुष कशाला केला असता?

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला सहाव्या शतकातला बार्बेरिनी हस्तिदंती फलकही बघा. वर दोन देवदूत ख्रिस्ताची प्रतिमा धरून आहेत. मधल्या चौकटीत घोड्यावरच्या सम्राटाजवळ खजुरीची झावळी घेतलेली चिमुकली विजयदेवता. एकाच फलकावर दोन्ही, आणि गल्लत कुठेही नाही. (खालच्या पट्टीत हत्ती-वाघ घेऊन आलेले भारतीय आहेत, पण त्यात शिरलो तर उत्तर संपायचं नाही.)

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. 'देवदूत म्हणजे कपडे बदललेली विजयदेवता' हे मी ठोकून दिलं होतं. सुरुवातीचे ख्रिस्ती देवदूत बिनपंखी असत. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्यांना पंख फुटले. इस्तंबूलच्या सारिगुझेल शवपेटीवर ते थेट विजयदेवतेच्याच पवित्र्यात, आडवे तरंगत, ख्रिस्तचिन्हाचं कडं धरतात. म्हणजे पंख आणि पवित्रा उसना. देवदूत मुळात बायबलातले. ते वाक्य मूळ लेखात दुरुस्त केलं आहे.