एका कान्याचा फरक

मराठीत पंख आणि पंखा यात फक्त एका कान्याचा फरक. आमच्या हॉलमध्ये तो फरक छताला लटकत होता, तीन पात्यांचा, तपकिरी, सासऱ्यांनी ही जागा घेतली तेव्हा हौसेने बसवलेला, पाचवर ठेवला की कॅलेंडरची मार्च ते डिसेंबर सगळी पानं एकदम दाखवणारा. आणि डोंबिवलीत, चौथ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची असलेल्या घरात, भर मे महिन्यात आम्ही पाच जण त्या बंद पंख्याखाली बसून घाम पुसायचो. पाच जण म्हणजे मी, नवरा, लेक, सासूबाई आणि ज्याच्यामुळे हे सगळं चाललं होतं तो ९२ ग्रॅमचा पक्षी. तो घाम पुसत नव्हता. तो पेलमेटवरून आमच्याकडे बघत होता.

९२ ग्रॅम हे मी अंदाजपंचे नाही सांगत. ज्या काट्यावर मी केकचा मैदा मोजते त्याच्यावर राळ्याचं कणीस ठेवून, त्याला लालूच दाखवून चढवलंय आणि मोजलंय. चढताना काट्यावरूनही एकदा घसरला, पण ते असो.

खंडू कॉकाटील आहे, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट. खानदान ऑस्ट्रेलियाचं, हा स्वतः मात्र कल्याणच्या पुढे कधी गेलेला नाही. लेकीला पक्षी हवा होता आणि सासूबाईंना पोपटच हवा होता, "विठू विठू म्हणणारा, आमच्या माहेरी होता तस्सा". आता आपला हिरवा पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, हे लेकीने आजीला मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "बहात्तर साली दुष्काळ पडला होता गं, माणसं खडी फोडत होती. तेव्हा पोपटांचं बघायला बरा वेळ मिळाला यांना!" तर मग हा आला. अंग फिकं पिवळं, तुरा जरा गडद, गालावर दोन्हीकडे केशरी गोल ठिपके. भंडारा उधळल्यासारखा दिसतो म्हणून नाव खंडू, नाव सासूबाईंनीच ठेवलं. जेजुरीचा देव घोड्यावर बसून मणी-मल्लाशी लढला, आमच्याला सोफ्याच्या हातावर धड बसता येत नाही.

पहिले काही महिने हे कळलंच नाही, कारण तो उडायचाच नाही. दुकानदाराने पंख कापूनच दिलेला, आणि तेही एकाच बाजूचे. म्हणजे एकाच वल्ह्याची होडी. फडफड केली की जागच्या जागी गिरकी घ्यायचा आणि धप्पकन लादीवर. आम्हाला वाटायचं किती गुणी बाळ आहे, कुठ्ठे जात नाही. कापलेलं पीस नखासारखं परत वाढत नाही, पीसगळ होऊन ते पडावं लागतं आणि मग तिथे नवीन येतं. तशी ती आली. एका रविवारी सकाळी खंडू पिंजऱ्याच्या दारात उभा राहिला, तुरा ताठ केला, आणि सरळ रेषेत हॉल पार करून भिंतीवरच्या घड्याळावर जाऊन आदळला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आता लाज वाटते.

नंतर रोजच आदळायला लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात न्या. नवरा म्हणाला अगं आई, बैल नाही, घोडा नाही, वाटीभर पक्षी आहे. शेवटी ठाण्यात पक्षी बघणारे एक डॉक्टर सापडले. त्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळून पंख पसरून बघितले, डोळे बघितले, छातीचं हाड चाचपलं आणि म्हणाले, तब्येत एक नंबर, याला फक्त उतरता येत नाही. कॉकाटीलची पिल्लं चार-पाच आठवड्यांची झाली की उडायला लागतात, आणि वर जाणं त्यांना आधी येतं, वळणं, वेग मारणं आणि ठरल्या जागी उतरणं हे आपटत धोपटत नंतर येतं. याच्या नेमक्या त्याच वयात कात्री चालली. आता पंख आहेत, शिक्षण नाही. म्हणजे लायसन मिळालंय पण ब्रेक कुठे असतो ते कुणी सांगितलेलं नाही, असा माणूस तुमच्या वन बीएचकेमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ गाडी काढतो.

त्याचं फ्रिजवरचं लँडिंग मी तुम्हाला सांगतेच. पिंजऱ्यावरून सुटायचा, फ्रिजच्या दिशेने झक्कास यायचा, शेपूट पसरायची, पाय पुढे काढायचे, इथवर सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. मग नखं फ्रिजच्या गुळगुळीत पत्र्याला लागायची आणि खर्रर्र असा आवाज करत हा बसल्या पोझमध्येच पुढे सरकत जायचा, पावसात प्लॅटफॉर्मवर चप्पल सरकते तसा, चेहऱ्यावर काहीच नाही, जणू इथूनच जायचं ठरलं होतं. लोणच्याच्या बरणीला छाती लागायची, अर्धी गिरकी व्हायची, आणि शेपटीकडून फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या फटीत गायब. मग आतून एक "चीं". नवऱ्याने फ्रिज ओढायचा, मी बॅटरी धरायची, लेकीने पोटावर झोपून हात घालायचा. बाहेर यायचा तो जळमटांची शाल पांघरून, तुऱ्याला धुळीचा गोळा, आणि आमच्यावरच फिस्स करायचा. पहिल्या महिन्यात अकरा वेळा फ्रिज ओढलाय. लादीवर चाकांचे दोन पट्टे उमटलेत, ते आता निघणार नाहीत.

फ्रिजवर मग गोणपाट आलं. पडद्याचे स्टीलचे रॉड त्याला धरवेनात म्हणून त्यांना काथ्या गुंडाळला, एकदा सुरुवात केल्यावर हात थांबेना आणि सगळ्या खुर्च्यांच्या पाठींनाही गुंडाळला, आता आमचा हॉल मालवणच्या धक्क्यावरच्या होडीसारखा दिसतो. काचेचं स्लायडिंग त्याला दिसायचंच नाही, पक्ष्यांना काच म्हणजे मोकळं आकाश. त्यावर काहीतरी चिकटवायचं असतं, दोन-दोन इंचांवर, दाट, चार स्टिकर इकडे तिकडे लावून भागत नाही. घरात एवढे स्टिकर कुठून आणायचे, म्हणून सासूबाईंनी बाथरूमच्या आरशावर साठवलेल्या वीस वर्षांच्या टिकल्या सत्कारणी लावल्या. मरून, चॉकलेटी, खड्यांच्या, नागाच्या आकाराच्या, पूर्ण काच भरली. खालून बघणाऱ्याला वाटतं या घरात बायकाच बायका राहतात.

नॉनस्टिकचा तवा गेला, कारण ते कोटिंग फार तापलं की त्याच्या वाफेने पक्षी मरू शकतो, पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी सरस असतात म्हणून विषही तितकंच पटकन लागतं. सासूबाईंनी माळ्यावरून बिडाचा तवा काढला तेव्हा त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मी लग्न होऊन घरात आले तेव्हाही बघितला नव्हता. अगरबत्ती गॅलरीत गेली. पाण्याच्या बादल्यांवर ताटं आली. रात्री पाल जरी सरसरली तरी अंधारात घाबरून हा पिंजऱ्यात थडाथडा आपटतो, या जातीला ती खोडच आहे, म्हणून झिरोचा बल्ब. हे सगळं आम्ही निमूट केलं. कुणाला काही त्रास नव्हता.

त्रास पंख्याचा.

नियम असा की पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी पंखा बंद, आणि नुसता बंद करून भागत नाही, सासऱ्यांचा पंखा जुना आणि भारी, बटण बंद केल्यावरही तो मिनिटभर आपल्याच तोऱ्यात फिरत राहतो, तेव्हा तीनही पाती वेगवेगळी दिसेपर्यंत आम्ही माना वर करून उभे. मग लेक ओरडणार "पंखा बंद!", मी "बंद!", नवरा आतून "बंद!", लोकलचे गार्ड-मोटरमन घंटी देतात तसं, आणि मगच दार. पक्ष्याला रोज तासभर तरी मोकळं सोडायला हवं. हा तास आमच्याकडे तीन तासांचा होतो कारण बाहेर काढणं सोपं, परत आत घालणं अवघड. आणि ते तीन तास नेमके आम्ही सगळे घरी असतो तेव्हाचे. दिवसभर खंडू पिंजऱ्यात, आम्ही ऑफिसात आणि शाळेत, तेव्हा सासूबाई एकट्या त्या पंख्याखाली हवा खात पेपर वाचायच्या.

त्यात पाहुणे. मराठी माणूस कुणाच्याही घरी गेला की चपला काढता काढता बोर्डाकडे हात नेतो, "हुश्श, काय उकडतंय, जरा पंखा लावा". बटणावर आम्ही लाल चिकटपट्टी मारली होती. शेजारच्या काकूंनी ती नखाने सोलून काढली, म्हणाल्या काहीतरी चिकटलं होतं बाई. आम्ही चौघं एकदम "नकोऽऽ" असं किंचाळलो, त्यांच्या हातातली साखरेची वाटी खाली, खंडू दचकून उडाला तो थेट त्यांच्या अंबाड्यावर. त्यानंतर साखर मागायला त्या तिसऱ्या मजल्यावर जातात.

मेच्या शेवटी नवऱ्याचा धीर सुटला. टॉवेल खांद्यावर, बनियन ओलं, तो म्हणाला, "त्याचे पंख परत कापून आणू. दोन्ही बाजूंचे सारखे, डॉक्टरकडून. सुखाने चालेल फिरेल. लोक करतात." लेक जेवली नाही त्या रात्री. मला मनातून पटलं होतं, खोटं कशाला बोलू, पाठीवर घामोळं आलेल्या बाईला काहीही पटतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आत्ता कुठे शिकतोय तो." आणि शिकत होता खरंच. लेकीने राळ्याच्या कणसावर त्याला एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर यायला लावलं होतं, आधी एक फूट, मग दोन, मग चार. चार फुटांपर्यंत तो माणसासारखा उतरायचा. पाचव्या फुटाला पुन्हा खंडू.

लाईट गेली की आख्खी बिल्डिंग हळहळते, आणि आमच्या घरात आनंदीआनंद. पंखा तसाही बंदच, मग सोडा याला! जूनच्या पहिल्या पावसात संध्याकाळी लाईट गेली आणि मी मेणबत्ती नको म्हणून मोबाईलची बॅटरी लावून कपाटावर ठेवली आणि पिंजरा उघडला. खंडू निघाला, वर गेला, गोल वळला, आणि पंख्याच्या पात्यावर उतरला. नीट. न घसरता. पहिल्यांदा आयुष्यात इतक्या उंचीवर, इतक्या बारीक जागेवर. लेक कुजबुजली, "आई, बघ." सगळे माना वर करून बघत होतो.

आणि लाईट आली.

"पंखा बंद" कुणी ओरडलंच नव्हतं. बंद होता म्हणून ओरडलो नव्हतो. बटण चालू होतं, लाईट जायच्या आधी खंडू आत होता आणि मी स्वतः पाचवर ठेवून पोळ्या करायला गेले होते. तो जुना पंखा एकदम सुरू होत नाही हे सासऱ्यांचं पुण्य. आधी हुंकार दिला, मग जत्रेतल्या पाळण्यासारखा हळूच निघाला, पात्यावरची धूळ कडेने खाली सांडायला लागली, आणि खंडू तसाच बसलेला, नखं रुतवून, तुरा काडीसारखा उभा, शेपूट एका बाजूला ओढली गेलेली. पहिला फेरा तो आमच्या डोक्यावरून बसल्या बसल्या गेला. लेकीने सोफ्यावरून बोर्डाकडे उडी मारली. दुसऱ्या फेऱ्यात तो सुटला, फेकलाच गेला, पडद्यावर आपटला, पडद्यावरून घरंगळला आणि नवऱ्याच्या मांडीवर येऊन पडला.

नवरा हलला नाही. मांडीवर ते पिवळं गाठोडं, छाती धडधडतेय ती दिसतेय. मग गाठोड्याने मान वर केली, नवऱ्याकडे बघितलं, आणि त्याच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. शेपटीचं एक पीस मोडलं होतं, बाकी सगळं जागेवर. सासूबाईंनी मीठमोहरी ओवाळून टाकली. जाळायची सोय नाही, धूर होतो, म्हणून तशीच गॅलरीतून खाली भिरकावली, ती कुणाच्या तरी स्कूटीवर.

सकाळी वायरमनला फोन नवऱ्यानेच केला. अंगठ्याला पट्टी होती. वायरमन शिडी लावून वर चढला आणि परत खाली बघून म्हणाला, "वहिनी, नक्की काय करायचंय? पाती काढायची आणि बाकीचं तसंच ठेवायचं?"

"हो," नवरा म्हणाला, "पंख कापायचे. पंख्याचे."

"आणि वायर?"

"तीपण तोडा. मधला डबा राहू दे. त्याला बसायला."

तीन पाती आता माळ्यावर बिडाच्या तव्याच्या जागी आहेत. हॉलच्या मधोमध छतातून नुसता दांडा आणि खाली गोल डबा, त्याच्यावर खंडू. कोपऱ्यात टेबलफॅन घेतलाय, त्याच्या जाळीवर लेकीने मच्छरदाणीचा तुकडा शिवून बसवलाय, त्यातून वारा येतो असं आम्ही एकमेकांना सांगतो. पाहुणे येतात, चपला काढतात, वर बघतात, "जरा पंखा..." एवढंच म्हणून थांबतात. मग सासूबाई उठतात आणि त्यांच्या हातात माहेरून आणलेला ताडाचा विंझणा देतात. परवा माझा मामेभाऊ आला होता, चार जिने चढून घामाघूम, त्याने तो विंझणा असा काही जोरात फिरवला की खंडूचा तुरा उभा राहिला, तो डब्यावरून सुटला, घड्याळ चुकवलं, काच चुकवली, फ्रिजवर बरोब्बर गोणपाटाच्या मधोमध उतरला, आणि गोणपाटासकट मागे गेला.

नवरा फ्रिज ओढायला उठला. मी बॅटरी शोधतेय.