बाईंचं अक्षर चांगलं आहे

गावात कुठलीही संस्था निघाली की अध्यक्ष कोण यावर दोन तास वाद होतो. सचिव दोन मिनिटांत ठरतो. "बाई आहेतच की, अक्षर चांगलं आहे त्यांचं."

अशी मी, शाळेतली शिक्षिका, अकरा वर्षं वाचनालयाची सचिव आहे. ड वर्गाचं वाचनालय. म्हणजे समाजमंदिराला लागून एक खोली, तीन लोखंडी कपाटं आणि अनुदानाची वाट बघणारा ग्रंथपाल. समाजसेवा म्हटलं की लोकांना शाल-श्रीफळ आठवतं. मला आठवतं, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, वर्षाला लेखापरीक्षण, दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचा नंबर. कंटाळवाणं काम आहे, पण मला आवडतं. कागद करायचे राहिले की चालू संस्थासुद्धा बसते.

आता जरा टोचणारं लिहिते.

अशैक्षणिक कामांबद्दल आम्हा शिक्षकांची तक्रार खरी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७. त्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच कामांना मुभा आहे. बाकी रोजच्या माहिती भरायच्या लिंका आणि 'माहिती आज दुपारपर्यंत' यांनी वर्गाचं काय होतं, ते आम्हालाच ठाऊक. त्याविरुद्धच्या मोर्चाला मीही गेलेय.

आणि त्याच मी, चार वर्षांपूर्वी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला सातवीचा अख्खा वर्ग ग्रंथदिंडीत उभा केला. शाळेच्या वेळेत. मार्च महिना. पाहुणे दीड तास उशिरा आले. पोरं लेझीम हातात धरून उन्हात, खिचडी गार, गणिताचे दोन तास गेले. फोटो मात्र झकास आले.

दुसऱ्या दिवशी एका मुलीची आई शाळेच्या फाटकाशी थांबली होती. आवाज चढवला नाही तिनं. "बाई, कांदा काढायला माणूस मिळंना, तरी पोरीला घरी ठेवली नाही. तुम्हीच म्हणता ना, शाळा बुडवू नका? मग काल कुणी बुडवली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

शिक्षकानं समाजात मिसळावं म्हटलं की आपण लगेच साने गुरुजींचं नाव घेतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते सहा वर्षं होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं दैनिक लिहून काढायचे. १९३० साली सत्याग्रहात उतरायचं ठरलं, तेव्हा नोकरी सोडून गेले. भाषणात आपण त्यांचा त्याग सांगतो. मला त्यात हिशेबाचा चोखपणाही दिसतो. दिलं ते स्वतःचं दिलं. मी मात्र सेवा केली ती दुसऱ्यांच्या लेकरांच्या तासांवर, आणि सत्कार घेतला माझ्या नावावर.

त्यानंतर मी हट्टानं कार्यक्रम रविवारी ठेवायला लावला. पोरांना बोलावणं नाही, यायचं तर आपापल्या मर्जीनं. समितीत कुरकुर झाली. "पोरं नाहीत तर फोटोत कोण दिसणार?" असं एकानं उघड विचारलं. निदान खरं तरी बोलला!

यंदा पाहुण्यांसमोर चौदा माणसं होती. अध्यक्ष अजून रुसलेत. इतिवृत्तात 'उपस्थिती समाधानकारक' असं घाला म्हणाले. मी 'चौदा' लिहिलं, चांगल्या अक्षरात.