सोन्याच्या पिना, गिटारचा ॲम्प आणि फिरणारा मेसेज

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या वादकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. "गिटार ॲम्पमधल्या साध्या ट्यूब काढा, ऑडिओफाइल ग्रेडच्या घाला. आवाज मोकळा होतो, वरचे सूर हवेसारखे येतात. सोन्याच्या पिनांना खाऱ्या हवेत गंज नाही. केटी८८ थेट ६एल६च्या जागी बसते, ई८८सीसी थेट १२एएक्स७च्या जागी. बायस बघायची गरज नाही." कुडाळच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या भाच्याने तो पाठवून खाली विचारलंय, "मामा, चार केटी८८ मागवू काय?"

मागवू नको. का ते इथेच लिहितो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको. ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह: ६एल६, केटी८८ ह्या स्पीकर हलवणाऱ्या मोठ्या पॉवर ट्यूब, १२एएक्स७, ई८८सीसी त्यांच्या आधीच्या लहान. आणि ऑडिओफाइल म्हणजे घरच्या हाय-फायचे शौकीन.

आधी केटी८८, कारण बाकीच्या बहुतेक सल्ल्यांनी पैसे जातात, ह्याने ॲम्प जातो. सॉकेट तेच आठ पिनांचं, ट्यूब आत बसते हे खरं. पण ६एल६चा फिलामेंट (ट्यूब तापवणारी आतली तार) ०.९ ॲम्पिअर घेतो, केटी८८चा १.६. चार ट्यूबच्या ॲम्पमध्ये ३.६चे ६.४ ॲम्पिअर झाले, आणि हा सगळा भार पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवर. त्यात बायस, म्हणजे ट्यूबचा करंट आवरून धरणारं निगेटिव्ह व्होल्टेज, ६एल६साठी लावलेला. तेवढ्याच निगेटिव्ह व्होल्टेजवर केटी८८ कितीतरी जास्त करंट ओढते. "केटी८८ची प्लेट ४२ वॅट सोसते, काही होत नाही," असंही वर ऐकवतात. (प्लेट म्हणजे ट्यूबमधले इलेक्ट्रॉन येऊन पडतात तो पत्रा.) ट्यूब सोसेल हो. ट्रान्सफॉर्मरचं काय? मे महिन्याच्या उकाड्यात, मंडपात, पंखा नसलेल्या कोपऱ्यात तो तीन तास तापत राहणार आहे. आधी फ्यूज उडेल. फ्यूजच्या जागी कोणी तार गुंडाळून ठेवली असेल (आपल्याकडे असतेच), तर फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर.

आता बायस. इथे अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कॅथोड बायसच्या (ट्यूब आपला बायस आपणच सावरते अशा) ॲम्पमध्ये, म्हणजे ईएल८४ ह्या छोट्या पॉवर ट्यूबवाल्या बऱ्याच छोट्या ॲम्पमध्ये, त्याच जातीची जुळवलेली जोडी घातली तर सहसा काही बघावं लागत नाही. फिक्स्ड बायसच्या (बायस बाहेरून लावून दिलेल्या) ५०-१०० वॅटच्या ॲम्पमध्ये ६एल६ काढून दुसऱ्या कंपनीची ६एल६ घातली तरी बघावंच लागतं.

त्याची रीत अशी. पॉवर ट्यूबच्या कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) आणि ग्राउंडमध्ये १ ओहमचा रेझिस्टर हवा. त्यावर मीटरला जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिॲम्पिअर. स्पीकर जोडलेला हवाच, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरची खैर नाही. नव्या ट्यूब घालण्याआधी बायस सगळ्यात निगेटिव्ह बाजूला फिरवून ठेवा, मग घाला, दहा मिनिटं तापू द्या. प्लेटवर समजा ४५० व्होल्ट आले. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट, तिचे ७० टक्के २१. त्याला ४५०ने भागलं की दर ट्यूबला साधारण ४६ मिलिॲम्पिअर. ईएल३४ ही दुसरी पॉवर ट्यूब २५ वॅटची, तिला ३८. हे वरचं टोक, तिथवर जायलाच हवं असं नाही. चुकलं तर आतली करडी प्लेट चुलीतल्या निखाऱ्यासारखी लाल दिसायला लागते. तसं दिसलं तर लगेच बंद करा, गाणं पुरं करत बसू नका. आणि हे ४५० व्होल्ट प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये बसून असतात. ते रिकामे कसे करायचे ते ज्याला माहीत नाही, त्याने मागचं झाकण उघडू नये.

ई८८सीसीचं तर हसू येतं. १२एएक्स७च्या सॉकेटवर ४ आणि ५ नंबरच्या पिना एकत्र जोडून ९शी फिलामेंट पूर्ण होतो. ई८८सीसीचा फिलामेंट ४ आणि ५च्या मध्येच असतो, ९ला नुसती शील्ड. म्हणजे महागडी ट्यूब पेटतच नाही. ज्या ॲम्पमध्ये ४-५वर १२.६ व्होल्ट दिलेत तिथे पेटते, दुप्पट व्होल्टेजवर, आणि फार काळ नाही.

"हवेसारखे वरचे सूर." सेलेस्टियन ह्या स्पीकर कंपनीचा स्वतःचा तक्ता बघा: व्हिंटेज ३० हा स्पीकर ७० ते ५००० हर्ट्झ, ग्रीनबॅक ७५ ते ५०००. गिटार ॲम्पमध्ये हेच किंवा ह्यांच्याच जातीचे १२ इंची स्पीकर असतात. २० हजार हर्ट्झपर्यंतच्या सफाईसाठी दिलेले पैसे ५ हजाराच्या दारात अडतात. उलट हाय-फायवाल्यांच्या आवडत्या लांब प्लेटच्या ट्यूब कॉम्बोत (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), स्पीकरच्या अंगावर, थरथरतात. ॲम्प चालू ठेवून पहिल्या ट्यूबच्या काचेवर लाकडी पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. नुसता 'टक' आला तर ठीक; भांडं पडल्यासारखा घुमत राहिला तर ती ट्यूब तिथून काढा, फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर ट्यूबच्या लगेच आधीच्या लहान ट्यूबच्या) जागी चालून जाईल. हां, पहिल्या जागेवर कमी खरखरीची निवडलेली ईसीसी८३ (१२एएक्स७चंच दुसरं नाव) घातली तर फरक ऐकू येतो. पण ती एक. अख्खा सेट नव्हे.

सोन्याला गंज नाही, बरोबर. पण सॉकेटच्या आतल्या पट्ट्यांवर बहुतेकदा कथलाचा मुलामा असतो. सोनं आणि कथील ओल्या खाऱ्या हवेत एकमेकांना टेकलं की कथील आधी खराब होतं, आणि कॉम्बोच्या थरथरीने ते आणखी लवकर घासून निघतं. मिरगापासून गणपतीपर्यंत खोळीत पडलेला ॲम्प करकरतो तो बहुधा ह्या पट्ट्यांमुळे. प्लग काढून, कपॅसिटर रिकामे करून, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि दातांच्या फटीतला बारीक ब्रश घेऊन सॉकेट पुसा, सैल पट्ट्या सुईने किंचित आवळा. पावसात आठवड्यातून एकदा अर्धा तास ॲम्प चालू ठेवला तरी पुष्कळ ओल जाते.

काचेला बोट लागलं की ट्यूब फुटते, हे हॅलोजन दिव्याचं इथे आणून चिकटवलंय. आजोबांच्या व्हॉल्व्ह रेडिओतली भारत इलेक्ट्रॉनिक्सची ईएल८४ चांगली असेलही, पण दोन रेडिओंतल्या दोन घेऊन जोडी होत नाही. एक जास्त ओढते, दुसरी कमी, आणि ॲम्प गुणगुणतो.

तेव्हा बाबा, चार केटी८८ नकोत. ६एल६जीसीची जुळवलेली चौकडी, १ ओहमचे चार रेझिस्टर, क्लीनरची एक बाटली. चतुर्थीच्या आधी शनिवारी ॲम्प घेऊन ये.